नजरेचं आवतण

टेबलं सगळी व्हरांड्यात काढा आणि खुर्च्या भिंतीला लावा, असा निरोप आला तेव्हा लंकाबाईला वाटलं, कंपनीची काहीतरी मीटिंग असेल. पण मागोमाग पंकजा आली आणि म्हणाली, "मावशी, एका भिंतीला बायकांच्या खुर्च्या, समोरच्या भिंतीला पुरुषांच्या. मधली जागा सगळी मोकळी."

"लगीन हाय का कुनाचं?" लंकाबाईने विचारलं.

"नाही. नाच आहे."

लंकाबाई पालवे सुप्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या गेस्ट हाउसमध्ये अकरा वर्षं स्वयंपाक करत होती. परदेशातून यंत्रं बसवायला येणारे इंजिनिअर तिथं उतरायचे. जर्मन आले, कोरियन आले, जपानी आले. कुणी दोन महिने राहिलं, कुणी वर्षभर. कुणाला तिखट चालत नाही, कुणाला सकाळी भात लागतो, कुणाला चहात दूध नको, हे तिला त्यांच्या नावाआधी पाठ व्हायचं. पण जेवणाच्या हॉलमध्ये नाच, आणि तोही रविवारी दुपारी चारला, हे तिनं कधी पाहिलं नव्हतं.

नाच मांडणारी बाई साठीची होती. नाव ग्रासिएला. अर्जेंटिना देशातून पॅकिंगची यंत्रं बसवायला दिवाळीनंतर आली होती. पांढरे केस, सडसडीत बांधा, बाजरीची भाकरी हातावर घेऊन उभ्यानेच खायची. लंकाबाईच्या जिभेला ते नाव काही वळेना, म्हणून पहिल्याच आठवड्यात तिनं त्या बाईची गिरिजाबाई करून टाकली. बाईलाही ते आवडलं असावं; 'गिरिजाबाई' म्हटलं की ती लगेच वळून बघायची. दोघींच्या मधे बोलायला पंकजा होती. कर्जतकडची, शेतकऱ्याची मुलगी, त्याच कंपनीत इंजिनिअर, वरच्या मजल्यावर राहायची.

चार वाजता पुण्याहून हा नाच नाचणाऱ्यांच्या पाच-सहा गाड्या आल्या. नगरहून एक दातांचा डॉक्टर आणि त्याची बायको आली. वसाहतीतल्या दुसऱ्या एका कंपनीतले मोरिता नावाचे वयस्कर जपानी साहेब कापडी पिशवीत बूट घेऊन आले आणि दारात बसून त्यांनी ते बदलले. बायका या भिंतीला बसल्या, पुरुष त्या. गाणं सुरू झालं. लंकाबाई चहाची किटली घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, आणि तिच्या डोळ्यांदेखत जे घडलं ते तिला उलगडेना. कुणी कुणाला हाक मारली नाही. कुणी हात पुढे केला नाही. तरी पाच-सहा पुरुष उठले, मोकळी जागा ओलांडून एकेका बाईसमोर जाऊन उभे राहिले, आणि त्या त्या बाईने उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

आधीच ठरलेलं असणार, असं तिनं मनाशी धरलं. पण चार गाणी झाली, मधे कसलंतरी वेगळंच संगीत मिनिटभर वाजलं, सगळे आपापल्या जागी गेले, आणि पुन्हा गाणं लागलं तेव्हा जोड्या बदललेल्या. पुन्हा एक शब्द नाही.

तिसऱ्या रविवारी तिला ते सापडलं. निळ्या झग्यातली एक बाई स्वयंपाकघराच्या दाराजवळ बसली होती. पहिले सूर निघाले तशी ती ताठ झाली आणि पलीकडे बघत राहिली. लंकाबाईने तिच्या नजरेची वाट धरून पाहिलं. तिकडे डॉक्टर बसला होता, आणि तो हिच्याकडेच बघत होता. त्याने मान किंचित हलवली, पाखरानं दाणा टिपावा इतकीच. हिने पापण्या मिटून उघडल्या. तो उठला आणि नजर न सोडता चालत आला. ती मात्र तो अगदी पुढ्यात येईपर्यंत जागची हलली नाही.

लंकाबाईच्या हातातल्या किटलीतला चहा त्या दिवशी निवून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कणीक मळताना तिनं पंकजाला गाठलं. पंकजा हसली. "बरोबर पकडलंत, मावशी. याला त्यांच्याकडे काबेसेओ म्हणतात. लांबून एकमेकांकडे बघायचं. नजर जुळली आणि दोघांची मान हलली, की आवतण झालं."

"आन् बाईला जायचं नसलं तर?"

"तर तिने त्याच्याकडे बघायचंच नाही."

"मंग त्यो सगळ्यांम्होरं हलका न्हाई पडत?"

"कुणाला कळतच नाही. तो तर जागेवरच बसलेला असतो. बाकीच्यांना वाटतं, पाय दुखत असतील."

"आन् ती उठली का न्हाई लगीच?"

"तो शेजारच्या खुर्चीवरच्या बाईला बघत असेल तर? दोघी उठल्या तर एकीला परत बसावं लागेल. म्हणून तो पुढ्यात येईपर्यंत उठायचं नाही."

लंकाबाईचा हात परातीत थांबला. "कुनीतरी लई बसून इचार केला आसंल गं याचा," ती म्हणाली. "येक मानूस हलकं पडू नये, म्हनून येवढं."

लंकाबाईचं हे असं थांबणं उगाच नव्हतं. तिचा जन्म पाथर्डीच्या पलीकडच्या एका कोरडवाहू गावातला. गावातला म्हणायचा इतकंच, प्रत्यक्षात ती जन्मली कारखान्याच्या तळावर, ऊसतोडीच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत. चौदाव्या वर्षी लग्न झालं ते पुंजारामशी, आणि त्या दिवाळीपासून नवराबायको मिळून एक कोयता धरतात, तशी ती उसाच्या फडात उतरली. वीस-बावीस हंगाम तिनं ऊस तोडला, मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवल्या. टोळीत तिला आईनं पहिला धडा दिला होता तो नजरेचा. बुडख्याकडं बघ, कोयत्याकडं बघ, वर बघू नको. मुकादमाने बघितलं तर आपण न बघितल्यासारखं करायचं आणि दुसऱ्या बाईच्या आडोशाला सरकायचं. बाईने वर पाहिलं, तर त्या पाहण्याचा अर्थ लावायला दहाजण बसलेले.

पुढे पुंजाराम काविळीने गेला. ती मुलाला, अंगदला घेऊन सुप्याला आली. गावाकडं घर होतं, सणाला जायची. संक्रांतीला हळदीकुंकवाला निघालेल्या बायका तिच्या दारावरून पुढच्या दारी जायच्या. त्यात कुणाचा दुष्टावा नव्हता. चालत आलेलं होतं तसं त्या चालवत होत्या, आणि जाताना त्यांनाच अवघडल्यासारखं व्हायचं. ते तिला दिसायचं. म्हणून त्या दिवशी दुपारपासून ती आपणच दार लोटून घ्यायची, म्हणजे घरात कुणी नाहीच असं त्यांना धरून चालता यावं. लग्नाकार्यात तिला सगळ्यात आधी बोलावणं यायचं, पण ते चुलीवर. पंगतीला या असं अक्षत देऊन कुणी म्हटलं नव्हतं.

तर अशी ती बाई. आता रविवार आला की ती दोनलाच स्वयंपाक उरकून ठेवायची आणि दारात येऊन उभी राहायची. तिला दर वेळी काहीतरी नवं दिसायचं. सगळ्या जोड्या गोल फिरतात, मळणीच्या खळ्यावर बैल फिरावेत तशा एकाच दिशेने, आणि कुणी कुणाला धडकत नाही. नव्या जोडीला त्या गोलात शिरायचं असलं, तर आधी येणाऱ्या गड्याकडे बघून त्याची परवानगी घ्यायची. तो पाऊल आवरतो आणि मगच ती शिरते. चार गाणी संपली की पुरुष त्या बाईला तिच्या खुर्चीपर्यंत पोचवतो, मधेच सोडून जात नाही. यातलं काहीही कुणी तोंडाने बोलत नाही. एवढ्या माणसांचं एवढं सगळं नुसत्या बघण्यावर चालतं, याचं तिला नवल वाटायचं, आणि ते नवल आठवडाभर पुरायचं.

सगळ्यांना ते जमत होतं असं मात्र नाही. पुण्याचा एक उंच मुलगा दुसऱ्या कुठल्या नाचाच्या क्लासमधून आला होता. तिथं म्हणे पुढे जाऊन हात मागतात आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही. तो सरळ डॉक्टरच्या बायकोसमोर हात पसरून उभा राहिला. तिच्या टाचेला फोड आला होता, तिनं नुकताच बूट काढला होता. सगळे बघत होते. तिनं बूट चढवला आणि उठली. गिरिजाबाईने त्याला सगळ्यांदेखत टोकलं नाही. चहाच्या वेळी त्याच्या शेजारी जाऊन बसली आणि हळू आवाजात काहीतरी सांगितलं. ते काय, हे पंकजाने नंतर लंकाबाईला सांगितलं: "त्या म्हणाल्या, तू हात पुढे केलास तेव्हा तिला दोनच वाटा राहिल्या. मन मारून उठायचं, नाहीतर चारचौघांत तुला परत पाठवायचं. लांबून बघितलं असतंस तर तिला तिसरी वाट होती. असंही म्हणाल्या की त्यांच्याकडेसुद्धा आता काही ठिकाणी तोंडाने विचारतात, बायकाही विचारतात, गावोगावची रीत वेगळी. पण त्यांच्या आईनं त्यांना ही शिकवली."

पंकजाची तऱ्हा निराळीच. तिला पावलं छान यायची, पण बघणं जमायचं नाही. "कर्जतच्या स्टँडवर मान खाली घालून उभं राहायची सवय, मावशी," ती म्हणायची. "आता एकदम वर बघ म्हटलं तर कसं बघू?"

आणि मोरिता साहेब. ते पाच रविवार आले, पाच रविवार बूट बदलले, आणि बहुतेक वेळ गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिले. गिरिजाबाई स्वतः त्यांना एकदा घेऊन नाचायची तेवढंच. नाचताना मात्र ते पाण्यावरून चालल्यासारखे चालायचे. तीस वर्षं ते हा नाच नाचत होते. बायका आपसात म्हणायच्या, साहेबांना आमच्याबरोबर आवडत नसेल, ते बघतच नाहीत.

पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी लंकाबाई भाजी निवडता निवडता पंकजाला म्हणाली, "त्यो जपानी साहेब बघतो."

"कधी? आम्हाला तर कधी दिसलं नाही."

"गानं लागलं की पयल्या सुराला. येकदाच बघतो आन् खाली बघतो. तवा तुमी समद्या पदर नीट करीत आसता, पानी पीत आसता. तुमची नजर वर येती तवर त्येची खाली गेलेली आसती."

पंकजाने ते जाऊन गिरिजाबाईला सांगितलं. गिरिजाबाई तडक स्वयंपाकघरात आली. मोरिता साहेबांशी तिचं बोलणं झालेलं होतं. त्यांच्या देशात कुणाकडे टक लावून बघणं म्हणजे आगाऊपणा, म्हणून ते एवढंसंच बघत. पण नेमकं कधी, हे तिच्याही लक्षात आलं नव्हतं. "हे तुला कुणी सांगितलं?" असं तिनं पंकजाकरवी विचारलं.

"सांगायला कशाला पायजे," लंकाबाई म्हणाली. "दिसतं की."

गिरिजाबाईने तिच्या पुढ्यातली भाजी बाजूला सरकवली. मग म्हणाली, येत्या रविवारी तू दारात उभं राहायचं नाहीस, रांगेत बसायचं.

लंकाबाई नको नको म्हणाली. चहाचं निमित्त सांगितलं. गिरिजाबाईने चहा आधी ठेवायला लावला. नाच येत नाही म्हणाली. गिरिजाबाई म्हणाली, बसायला नाच यावा लागत नाही. आणि उठायचं की नाही ते तुझ्या हातात आहे, माझ्या हातातसुद्धा नाही.

रविवारी ती बसली. धुवट जांभळी साडी, डोक्यावर पदर, पायात रोजच्याच चपला. एका बाजूला निळ्या झग्याची बाई, एका बाजूला पंकजा. ज्या खुर्च्या तिनं इतक्या वेळा पुसल्या होत्या, त्यातल्या एकीवर बसल्यावर हॉल किती मोठा दिसतो हे तिला पहिल्यांदाच कळलं. चार-चार गाण्यांच्या पहिल्या दोन पाळ्यांत तिनं वर पाहिलंच नाही. तिसऱ्या पाळीचं गाणं लागलं. पहिला सूर निघाला, आणि सवयीने तिची नजर मोरिता साहेबांकडे गेली, आज ते कुणाकडे बघतात हे बघायला.

ते तिच्याकडे बघत होते.

चहा पाहिजे असेल, असं वाटून ती उठणारच होती. मग तिला आठवलं की उठायचं नसतं. खाली बघावं, तर काही झालंच नाही असं होईल, कुणाला कळणारही नाही. तेवढी मोकळीक तिला होती आणि ती आहे हे तिला त्या क्षणी लख्ख जाणवलं. उभ्या जन्मात तिला कुणी असं विचारलं नव्हतं, की ज्यात नाही म्हणायलाही जागा ठेवलेली आहे. ती बघत राहिली. मोरिता साहेबांनीही या वेळी नजर खाली नेली नाही. त्यांची मान हलली. आणि तिचीही.

ते उठले. सबंध हॉल ओलांडून, नजर न काढता, एकेक पाऊल टाकत ते तिच्यासमोर येऊन उभे राहिले आणि कमरेत वाकले. लंकाबाई उठली. तिनं डोक्यावरचा पदर सावरला. त्यांनी अंतर राखून तिचा एक हात हातात घेतला, कोयत्याने घट्टे पडलेला, आणि दुसरा आपल्या दंडावर ठेवून घेतला. मग ते चालायला लागले. तिला कळलं की हे नुसतं चालणंच आहे. समोरच्याचं वजन कुठल्या पायावर आहे तेवढं ओळखायचं आणि आपला पाय मागे न्यायचा. डोक्यावर मोळी घेऊन वीतभर फळीवरून चढलेल्या बाईला तोल शिकवावा लागला नाही. बाकीच्या जोड्यांनी त्यांच्यासाठी जागा केली. चार गाणी ती चालली. एकदाही तिनं जमिनीकडे पाहिलं नाही.

चौथं गाणं संपल्यावर साहेबांनी तिला तिच्या खुर्चीशी आणून सोडलं, पुन्हा वाकले आणि "धन्यवाद" म्हणाले. तो शब्द ते खास विचारून, घोकून आले होते. लंकाबाईने हात जोडले.

ही गोष्ट दोन दिवसांत वॉचमन छगनच्या तोंडून अंगदपर्यंत गेली. अंगद कंपनीची बस चालवायचा, बायको रेश्माबरोबर सुपा गावात राहायचा. तो आला तो उंबऱ्यातच उभा राहिला.

"आई, तू कुना जपान्यासंगं नाचली म्हनं."

"चालले."

"म्हंजी?"

"चार गानी चालले. त्येनं इचारलं, मी व्हय म्हनलं."

"लोकं काय म्हनतील याचा काय इचार हाय का न्हाई?"

लंकाबाईने गॅस बारीक केला. "रविवारी ये," ती म्हणाली. "हितं दारात हुबा ऱ्हा, मी ऱ्हाते तिथं. समदं बघ. मंग तुला काय म्हनायचं ते म्हन."

तो आला. खाकी कपड्यांत, हाताची घडी घालून दीड तास दारात उभा राहिला. त्या दिवशी लंकाबाई चहाच देत होती. सातला सगळं आटोपल्यावर ती त्याला फाटकापर्यंत सोडायला गेली. माळावरच्या पवनचक्क्यांवर उन्हं उतरली होती. अंगदने गाडीला किल्ली लावली.

"ती लाल झग्यातली बाई बगितली का तू?" तो म्हणाला. "तिच्याकडं तिघं बघत हुते. तिनं कुनाकडंच बगितलं न्हाई. आन् तिला कुनी काय बोललं न्हाई, का कुनी तोंड वाकडं केलं न्हाई."

"व्हय."

"आसं बी आसतं," अंगद स्वतःशीच म्हणाला, आणि गाडी चालू करून गेला. तो विषय त्याने पुन्हा काढला नाही.

मे महिन्यात यंत्रं चालू झाली आणि गिरिजाबाईचा जायचा दिवस आला. आदल्या रविवारी तिनं लंकाबाईला हॉलच्या मुख्य दाराशी नेऊन उभं केलं. पंकजा सोबत होतीच.

"आमच्याकडे दारात एक माणूस असतो," गिरिजाबाई म्हणाली. "आलेल्याला कुठल्या खुर्चीवर बसवायचं ते तो ठरवतो. कोण कुणाला दिसणार, कुणाच्या तोंडावर उजेड पडणार, कुणाला कोपरा बरा वाटेल. नाच चांगला होणार की नाही ते तिथंच ठरतं. मी गेल्यावर ते काम तू करायचं."

"मला? तुमच्या पुन्याच्या लोकान्ला मी कुटं बसवू? ऐकतील व्हय ती माजं?"

"मी त्यांना विचारलं," गिरिजाबाई म्हणाली. "त्यांनीच तुझं नाव घेतलं."

जाताना दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. गिरिजाबाईने तिच्या गालाला गाल लावला, ती तिकडची रीत. लंकाबाईने तिच्या कपाळावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली, ती इकडची.

आता नाच महिन्यातून एकदाच होतो, दुसऱ्या रविवारी. पुण्याच्या गाड्या येतात. माणसं आत शिरतात ती दारात थांबतात आणि लंकाबाई हाताने दाखवते त्या खुर्चीवर जाऊन बसतात, मग तो मोठा साहेब का असेना. ती कुणाला चुकीच्या जागी बसवत नाही. मोरिता साहेबांना तिनं असं बसवलं, की पहिल्या सुराला त्यांनी नजर वर केली की थेट समोर पंकजा. पहिल्याच दिवशी पंकजाने वर पाहिलं. ते दोघं चालायला लागले तेव्हा लंकाबाईने पदर तोंडाशी धरला होता.

गेल्या महिन्यात नगरहून राजेश्वरी नावाची एक शिक्षिका आली. चाळिशीची, डॉक्टरच्या बायकोच्या ओळखीची, एकटीच आलेली. ती दाराजवळच्या खुर्चीकडे निघाली होती. लंकाबाईने तिला खिडकीखालच्या तिसऱ्या खुर्चीवर नेलं. राजेश्वरी तीन तास मांडीवरच्या पर्सचा पट्टा चाळवत बसली आणि सात वाजता उठली. निघताना ती लंकाबाईपाशी थांबली.

"पुढच्या वेळी मी येईन असं वाटत नाही, मावशी," ती म्हणाली. "माझ्याकडे कुणी बघितलंच नाही."

"दोघांनी बगितलं," लंकाबाई म्हणाली. "येकानं दोनदा. तुमी खाली बघत हुता."

राजेश्वरीने मागे वळून हॉलकडे पाहिलं. पुरुष बूट बदलत होते, कुणी खुर्च्या उचलत होतं. "कोण दोघं?" तिनं हळूच विचारलं.

"ते मी कसं सांगू," लंकाबाई म्हणाली. "पुढच्या टायमाला याच खुर्चीवर बसा. तुमचं तुमाला दिसंल."